तुमचा हसायचा शॉट

आबा, मंडईतल्या फुलवालीचं तुम्हाला सांगायचं राहिलंय.

तुम्ही गेलात त्या सकाळी तुमच्या मेहुण्यांनी मला हार आणायला पिटाळलं. इतकी वर्षं तुमच्या फोटोला हार घालायचं काम माझंच, म्हणून त्यांच्या तोंडात सहज माझं नाव आलं असेल. फुलवालीनं विचारलं, "लग्नाचा देऊ का मयताचा?" मी सांगितलं. तिनं निशिगंधाचा उचलला, पाणी मारलं आणि म्हणाली, "कोन गेलं?"

"आबा. टीव्हीवरचे भाऊसाहेब."

"आवो, त्ये तर कवाच गेलं की! बांधावरनं ट्रॅक्टर न्हाय का उलटला? मी सोता बघितलंय."

"ते मालिकेत, मावशी. आज खरे गेले."

तिचा हात तसाच राहिला. "म्हंजे आत्तापतूर जित्तं होतं?"

मी हार घेतला आणि चालायला लागलो. डोक्यात एकच, की हे संध्याकाळी कट्ट्यावर आबांना सांगायचं. तुम्ही मांडीवर थाप मारणार, ते 'आत्तापतूर' तिच्याच आवाजात म्हणून दाखवणार, आतून काकी ओरडणार, "वरडू नगा, गल्ली गोळा हुईल." कोपऱ्यावर आल्यावर हातातल्या पिशवीतून पाणी गळायला लागलं तेव्हा आठवलं, हार कुणासाठी घेतलाय ते.

तेव्हापासून मी चिडलेलाच आहे. रडू येईल म्हणून बसतो आणि राग येतो. फुलवालीचा येत नाही. तिनं जे दाखवलं ते बघितलं. ज्यांनी दाखवलं त्यांचा येतो, आणि तुमचाही येतो. हेही सांगून टाकतो, कारण आता तुम्ही मध्येच तोडणार नाही.

तुमच्या नाट्यमंडळाची मंडळी तुमच्यावर विशेषांक काढतायत. मला म्हणाली, तू पण लिही. मी म्हटलं, मी आठवीत शाळा सोडलेला माणूस, मला काय लिहिता येणार? तर म्हणाली, "शाळा सोडलीस म्हनून काय झालं? आबांनी कोळून पाजलंय की तुला." म्हणून बसलोय. तुमची नाटकं, बक्षिसं, एसटीच्या वर्कशॉपातली नोकरी, कुठल्या मालिकेत हवालदार आणि कुठल्या मालिकेत सरपंच, ते सगळं बाकीचे लिहितील. त्यात हसायचा शॉट येणार नाही. तेवढ्यासाठी मी लिहितोय. तुम्हाला माहीत असलेलं काही परत सांगेन, ते वाचणाऱ्यांसाठी आहे, तुम्ही कंटाळू नका.

मी नांदेडकडचा. गावाकडच्या शाळेत वाचायला उभं केलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. शब्द दिसायचे, बाहेर यायचे नाहीत. पोरं हसायची. एके दिवशी गुरुजीही हसले. त्या दिवशी दप्तर घेऊन जो निघालो तो त्या दारात परत गेलो नाही. मग हॉटेल, मग मांडववाला, आणि मांडववाल्याच्या टेंपोतून कोल्हापूर. पन्हाळ्याच्या रस्त्याला एका बंगल्यात मालिकेचं शूटिंग लागलं होतं आणि सामानावर माणूस पाहिजे होता. तांब्या, फुलदाणी, देव्हारा, चष्मा, काठी, जे काल जिथं होतं ते आज तिथंच ठेवायचं. नाहीतर बघणाऱ्याला कळतं की मधे रात्र गेलीय. माझ्यासारख्या भित्र्याला हे काम बरोबर बसलं. मी दाराची कडी लावूनही परत जाऊन बघणारा.

तुम्ही त्या मालिकेतल्या घराचे कर्ते, भाऊसाहेब. कथेत तुम्ही लवकर मरणार हे आधीच ठरलेलं. त्यामुळं भिंतीवर लावायचा फोटो तुम्ही धडधाकट असतानाच काढून ठेवायचा होता. फोटोग्राफर म्हणाला, "आबा, जरा स्माइल द्या."

तुम्ही म्हणालात, "मला सांग, फोटोतल्या मानसाकडं बघून लोक काय करत्यात?"

तो म्हणाला, "नमस्कार करतात."

"त्यो एकदा. मग दिसभर? बोलत्यात. मन मोकळं करत्यात. मग फोटोतल्या मानसानं काय कराय पायजे?"

त्यानं कॅमेरा खाली घेतला.

"ऐकाय पायजे. दात काढून कोन ऐकतंय रं?"

मग तुम्ही इकडंतिकडं बघितलं. मी उजेडासाठी पांढरा थर्माकोल धरून उभा होतो. "ओ पावणं, तुमी. ह्येच्या मागं उभं ऱ्हावा आणि सांगा बघू, कुठलं गाव? शाळा का सोडली?"

मी घाबरून सांगायला लागलो. अडखळलो, थांबलो, परत सांगितलं. पोरांचं सांगितलं, गुरुजींचं सांगितलं. कॅमेरा कधी वाजला ते मला कळलंच नाही. तुम्ही खुर्चीतून उठलात, धोतराचा सोगा झटकलात आणि म्हणालात, "झाला फोटो. पावण्यास्नी च्या पाजा."

तो फोटो, आबा. त्याच्यासमोर तुमची मालिकेतली बायको रडली, मुलगे भांडले, सुनांनी दिवे लावले. घराघरातल्या बायका म्हणायच्या, भाऊसाहेबांचा फोटो बघितला की वाटतं माणूस ऐकतोय. ते जे ऐकणं आहे ते माझ्या शाळेचं आहे, हे आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. आता मला एकट्याला. फोटोग्राफर तर विसरलाय.

मग तुमच्या मरणाचा दिवस आला. आमच्या धंद्यात एक रीत आहे. कुणी मेल्याचा शॉट दिला की कॅमेरा बंद करायच्या आधी त्यानं उठून बसायचं आणि कॅमेऱ्यात बघून हसायचं. तो शॉट कुठं दाखवत नाहीत, नुसता घ्यायचा. मग सगळे टाळ्या वाजवतात, कुणीतरी पेढा भरवतं आणि सगळे जेवायला सुटतात. नवा असो, मोठा असो, ही रीत कुणी चुकवत नाही.

तुमची चुकली. आभाळ भरून आलेलं, उजेड चाललेला, दिग्दर्शक सर घड्याळ बघतायत. तुम्ही अंगणात आडवे, नाकात कापूस, सगळं घर तुमच्या अंगावर पडून रडतंय. "कट! ओके! पॅकअप!" झालं. लाइटवाल्यांनी वायरी गुंडाळायला घेतल्या, कॅमेरा पेटीत गेला. तुम्ही उठून बसलात, कापूस काढलात आणि म्हणालात, "अवो, माझं हसू?"

सगळं युनिट हसलं. तुमच्याऐवजी.

सर म्हणाले, "आबा, उद्या घेऊ की."

उद्या तुमचं कामच नव्हतं. मेलेल्या माणसाला उद्या कोण बोलावतंय?

त्यानंतर तुम्ही सेटवर भेटायला आलात की कॅमेरामनला म्हणायचात, "माझं हसू तेवढं घेऊन टाका राव, जीव अडकलाय." तो म्हणायचा, "आबा, हा सीन उरकू द्या." मग लंच, मग पाऊस, मग त्याच्या जागी दुसरा कॅमेरामन. त्याला तर कुठलं हसू हेच माहीत नव्हतं. माझा तुमच्यावर राग आहे तो इथं. एसटीत सुट्ट्या पैशांवरून तुम्ही अख्खी गाडी थांबवलेली मी बघितलीय. भाजीवाली वजनात हात मारायला लागली की तुमचा आवाज दुसऱ्या पेठेत जायचा. आणि ह्या एका गोष्टीसाठी तुम्ही नेहमी थट्टेत बोललात. थट्टेत मागितलं की समोरचाही थट्टेतच देतो. एकदा, आबा, एकदाच जोरात मागायचं होतं.

मी तसं म्हटलं होतं तुम्हाला. तुम्ही सुपारी कातरत बसला होतात. "तुमचा खरंच विश्वास आहे का ह्याच्यावर?" असं मी विचारलं.

"शकुन-बिकुन गेलं खड्ड्यात. पर नटानं मेल्यावर उठाय लागतंय रं. न्हायतर घरला जाताना त्यो मढंच सोबत घिऊन जातोय."

तेव्हा मला ते वाक्य नुसतं भारी वाटलं होतं. पुढं जे झालं ते बघितल्यावर कळलं. भिंतीवर तुमचा फोटो लागला आणि तुमची कामं थांबली. दुसऱ्या मालिकेवाले म्हणायचे, "आबा, तुम्ही तिकडं वारलाय, लोक गोंधळतील." एकानं तुम्हाला डॉक्टरचं काम दिलं होतं, ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येऊन मान हलवायची. तेही वरून फोन आल्यावर काढून घेतलं. मेलेला माणूस दुसऱ्याला मेला म्हणून कसा सांगणार! तुम्ही हे गल्लीत रंगवून सांगायचात आणि लोक हसून लोळायचे. घरात आल्यावर तुम्ही अंगात नुसती गंजी घालून बसून राहायचात, ते फक्त काकींनी आणि मी बघितलंय.

तोवर तुम्ही मला घरामागची खोली दिली होती. "पावणं, भाड्याचं मागनं बघू, आदी हातपाय धुवा." मी इतकी वर्षं तिथं राहिलो तरी पावणंच. आणि रोज संध्याकाळी पॅकअप करून आलो की कट्ट्यावरून तुमचा एकच सवाल यायचा:

"आज मला कोन काय बोललं?"

पहिल्यांदा मी म्हटलं, "थोरली सून रडली."

"रडली म्हंजे? काय बोलून रडली?"

"तुम्ही असता तर असं झालं नसतं, असं काहीतरी."

"असं काहीतरी! मी दिसभर भितीला लटकायचं आणि मला असं काहीतरी? कागद आन उद्यापासनं."

सेटवर सीन झाला की संवादाचे कागद टाकून देतात. ते मी खिशात घालून आणायला लागलो. तुम्हाला चष्मा होता, वाचता येत होतं, तरी म्हणायचात, "तू वाच. फोटोला सोता वाचाय येत न्हाय." मी वाचायचो. पहिल्या ओळीलाच जीभ टाळूला. मान खाली गेली, वाटलं आता हसतील. तुम्ही भिंतीला टेकून तसेच बसलेले, अगदी त्या फोटोतल्यासारखे. म्हणालात, "थांबलास तरी चालतंय. मी मेलेला मानूस हाय, मला कुठं घाई हाय?"

आबा, ह्या वाक्यासाठी मी तुम्हाला कधी काहीच म्हणालो नाही. आभार मानायला गेलो असतो तर तुम्ही "व्हय व्हय, लई शाना झालाईस" म्हणून उडवून लावलं असतं. पण हे खरं आहे की मला वाचता आलं ते त्या कट्ट्यावर. आज गावाकडं फोन केला की आई म्हणते, किती सरळ बोलायलास रे आता. मी म्हणतो, इकडच्या पाण्यानं. पाण्यानं कुठलं!

मी वाचून संपवलं की तुम्ही उत्तर द्यायचात. मालिकेत फोटोला उत्तर नसतं, कट्ट्यावर असायचं. थोरलीला तुम्ही झापायचात, धाकट्या लेकाला शिव्या घालायचात, बायकोला म्हणायचात, "तू आदी जेव." आतून काकी म्हणायच्या, "त्या टीव्हीतल्या बाईला रोज जेव म्हनता. मला कवा म्हनला?" "तू काय उपाशी ऱ्हानाऱ्यातली हाईस व्हय?" की मग तासभर तुमचं सुरू.

आणि तो अमेरिकन नट. तुमच्या टीव्हीवर कुठल्याशा चॅनलला एक जुनी अमेरिकन पोलिसांची मालिका हिंदीत लागायची. त्यातल्या म्हाताऱ्या अधिकाऱ्याचं काम करणारा माणूस तुमचा देव. नाव तुम्हाला कधी नीट घेता आलं नाही, तुम्ही त्याला 'आपला म्हातारा' म्हणायचात. "बघ, म्होरला खोटं बोलाय लागलाय, आणि आपला म्हातारा नुसता कप धरून बसलाय. ह्येला काम म्हनायचं." पहिल्या भागात त्याचे केस काळे होते, नंतरच्या भागांत पांढरे. त्याच खुर्चीत, हातात तोच कप. तुम्ही त्याच्याकडं बोट केलंत आणि म्हणालात, "तिकडं मानूस कामात म्हातारा होतोय बघ, पडद्यावर क्यास पिकत्यात. हितं क्यास पिकलं की हार." आणि टीव्हीचा आवाज वाढवलात. खरं तर तो तेव्हा काही बोलतच नव्हता.

आता शेवटची संध्याकाळ. भांडणाची.

त्या दिवशी मी आणला तो उद्याच्या सीनचा कागद होता. धाकटी सून पोराला घेऊन पुण्याला नोकरीला निघते. नवऱ्याला मान्य नाही, सासूला मान्य नाही. बॅग हातात घेऊन ती तुमच्या फोटोपुढं थांबते आणि विचारते, "भाऊसाहेब, मी चुकतेय का?" बस्स, मग ती उंबरा ओलांडते.

मी वाचलं. तुम्ही डोळे मिटून बसलात. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "भाऊसाहेब 'नाही चुकत' म्हणतील. जा म्हणतील."

"तू कोन ठरवनार?"

"इतकी वर्षं मीच वाचतोय की. मला कळतात भाऊसाहेब."

"तुला भाऊसाहेब न्हाय कळत. तू सोता घर सोडून आलाईस, म्हनून तुला ती बरोबर वाटाय लागलीया."

मला ते लागलं. "म्हणजे मी चुकलो का, आबा?"

"मी तसं म्हनालो का?"

"मग काय म्हणालाव तुम्ही? जेवढं विचारूलालो तेवढं सांगा ना!"

"आला, आला! चिडला की नांदेड भाईर येतंय बघ ह्येचं!" तुम्ही हसलात. मी हसलो नाही. कागद घडी करून खिशात घातला आणि उठलो. तुम्ही मागून म्हणालात, "पावणं, उद्या सांगतो. फोटोला इचार कराय येळ लागतोय."

सकाळी काकी मागच्या दारात आल्या. आवाज अगदी साधा. "पावणं, जरा या बघू. ह्ये उठंनात."

उत्तर तसंच राहिलं. भाऊसाहेबांचंही आणि तुमचंही. आणि मला कळत नाही मी कुणाच्या उत्तरासाठी जास्त तळमळतोय.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या काठावर माइक लावला होता. तुम्हाला आवडलं असतं, गर्दी चांगली होती. एका अध्यक्षांनी सुरुवातच केली, "आज आपल्यातून भाऊसाहेब निघून गेले." कुणीतरी मागून सांगितलं, "आबा, आबा." ते म्हणाले, "तेच. त्यांचा फोटो घराघरात पोचला. एवढं भाग्य किती जणांच्या वाट्याला येतं?" लोकांनी माना हलवल्या. आबा, मी मुठी आवळून उभा होतो. फोटो पोचला! आणि माणूस? तो तर इथं पेठेत, गंजीवर, फोन वाजेल म्हणून बसलेला. मला माइक हातात घ्यायचा होता. घेतला नाही. गर्दी बघितली की अजून माझी जीभ टाळूला जाते, हे तुम्ही नसताना कळलं.

घरी ठेवायला फोटो शोधायला लागलो तर एक धड सापडेना. कुठं हवालदाराची टोपी, कुठं सरपंचाच्या मिशा. मग मी सेटवर जादा काढून ठेवलेली तुमच्या त्या फोटोची प्रत घेऊन आलो. पाटावर ठेवली. मेहुण्यांनी हार उचलला, तशा काकी भिंतीशी बसल्या होत्या तिथूनच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे."

"आक्का, असं कसं? लोक काय म्हनतील?"

"म्हनू देत. लई वर्सं घातलाय हार त्यास्नी. घरात तरी नगं."

हार पाटाच्या कडेला ठेवला. फोटोत तुमचा गळा मोकळा मी कितीतरी वर्षांनी बघितला. बंडीचं वरचं बटण उघडं आहे, हे मला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सेटवर गेलो. तुमच्यासाठी सगळे उभे राहिले, शांतता झाली, मग कुणाचा तरी फोन वाजला आणि काम सुरू झालं. धाकट्या सुनेचा सीन मध्यंतरी तिच्या तारखांमुळं पुढं गेला होता. तो त्या दिवशी होता. तोच. 'मी चुकतेय का.'

मी नेहमीसारखा फोटो उतरवला, काच पुसली, प्लास्टिकचा हार काढून फुंकर मारली. समई ठेवली, उदबत्तीचं घर ठेवलं, फोटो खिळ्याला लावला, सरळ केला. हार हातातच होता. मी तो घालायला गेलो आणि माझा हात वर जाईना. मी म्हणजे कोण, तांब्याचा कान उजवीकडं का डावीकडं ते परत परत बघणारा! मी हार पेटीत टाकला, झाकण लावलं आणि पेटीवर बसलो.

प्राची आली, ती सरांची सहायक. कालच्या सीनचे फोटो मोबाइलवर बघून सगळं जुळवणं तिचं काम. तिनं मोबाइल बघितला, भिंत बघितली, परत मोबाइल बघितला. "दादा, हार?"

पेटीवरून न उठता मी म्हटलं, "आबांचा हसायचा शॉट राहिलाय."

ती नवीन, तिला काय माहीत. पण मेकअपवाले दादा जुने. ते पफ हातात घेऊन तिथंच थबकले. लाइटवाला वर शिडीवर होता, तो खाली बघायला लागला. सर म्हणाले, "काय झालं? का थांबलोय?" प्राचीनं फोटोकडं बोट केलं. मग त्यांनीही भिंतीकडं बघितलं. आबा, ते तुमच्या फोटोकडं बघत राहिले. मला वाटलं आता ओरडतात, आज माझी नोकरी जातेय, खोलीत जाऊन बॅग भरायची. ते खुर्चीत बसले, डोळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चला. घेऊया."

ती पोरगी बॅग घेऊन आली. तुमच्यापुढं थांबली. एरवी ती तुमच्या गळ्यातल्या हाराकडं बघून बोलायची, त्या दिवशी तिनं डोळ्यांकडं बघितलं. "भाऊसाहेब, मी चुकतेय का?" आणि थांबली. कागदावर इतकं थांबणं नव्हतं. सरांनी कट म्हटलं नाही. मग ती गेली, आणि कॅमेरा तुमच्यावर राहिला.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पेढाही नव्हता.

हे सगळं गोड वाटेल कुणाला, म्हणून पुढचंही सांगतो. भाग लागला आणि चॅनलवरून फोन आला, हार कुठं गेला? कोण बघतं तिकडं? सरांनी माझं नाव सांगितलं नाही, पण मला कळायचं ते कळलं. लोकांनी मोबाइलवर फोटो फिरवले, 'मालिकेवाल्यांना हार घालायचाही विसर पडला' म्हणून खिदळले. दुसऱ्या दिवशी मला तो हार घालावा लागला. आता म्हणे तारेनं बांधायचा, म्हणजे परत चूक होणार नाही. मी बांधला, आबा. माझ्याच हातानं. पक्कड मागून घेतली आणि बांधला. घरी येताना सबंध रस्ता मी तुम्हाला शिव्या देत होतो. तुम्ही जोरात मागितलं असतं तर, उद्याचं उत्तर त्याच संध्याकाळी दिलं असतं तर. कुणावर तरी ओरडायचं तर तुमच्याशिवाय इथं माझं आहे कोण?

भाग लागला त्या संध्याकाळचं सांगून थांबतो.

काकींनी टीव्ही लावला. म्हणाल्या, "बसा पावणं, बघू." आम्ही दोघंच. सीन आला. तिनं विचारलं, ती गेली, आणि तुम्ही पडदाभर. काकी पुढं सरकल्या.

"हार कुठाय?"

मी म्हटलं, "राहिला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पाटावरच्या फोटोकडं बघितलं, परत टीव्हीकडं. तोवर जाहिरात सुरू झाली होती. पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "उठलं म्हनायचं ह्ये."

मग टीव्ही बंद केला, बाहेर कट्ट्यावर तुमच्या जागेवर जाऊन बसल्या, भिंतीला टेकून. "ती बया काय बोलली त्ये नीट ऐकू आलं न्हाय. कागद हाय का? वाचा."

होता. त्या संध्याकाळी घडी करून ठेवलेला तसाच खिशात. मी उभा राहून वाचायला लागलो. गल्लीतून लोक जात होते, बघत होते. शेवटच्या ओळीपर्यंत नीट आलो. 'मी चुकतेय' पर्यंत आलो आणि जीभ टाळूला चिकटली.

काकी भिंतीला टेकून बसून राहिल्या. कुणी घाई केली नाही.